बारा नमस्कार, बारा प्रेषित

डोंगरावर जाऊन बसणं ही देवाची जुनी खोड आणि त्याला खाली रस्त्याला लावून घेणं ही आपली. रायगडावर 1996 साली रोपवे झाला आणि हजारावर पायऱ्यांचा गड काही मिनिटांत 'उरकू' लागला. आता कुठलंही देवस्थान निघालं की देव जागृत आहे का, नवसाला पावतो का, हे प्रश्न मागे पडतात. पहिला प्रश्न असतो, गाडी कुठपर्यंत जाते? गाडी जाते तिथपर्यंत आपली श्रद्धा अढळ असते. तिथून पुढे गुडघे बोलू लागतात.

महाड तालुक्यातल्या शिवथरला या प्रश्नाचं उत्तर 'जवळजवळ घळीपर्यंत' असं मिळतं. महाडहून बिरवाडीमार्गे तीसेक किलोमीटर जायचं. काळ नदीचं खोरं, अंगावर आलेला सह्याद्री, वर वरंध घाट. त्यात कसबे शिवथर, कुंभे शिवथर, आंबे शिवथर अशी एकाच नावाची गावं असल्यामुळे रस्ता विचारणाऱ्याला आधी 'कुठलं शिवथर?' या तोंडी परीक्षेला बसावं लागतं. ती पास झाली की शेवटी थोड्या पायऱ्या उरतात. त्या मात्र कुणाला माफ नाहीत.

मराठी भक्ताचा अभ्यास करायचा असेल तर या पायऱ्यांच्या कडेला अर्धा तास बसावं. चढताना दमलेला माणूस दमलो असं कधीच म्हणत नाही, तो निसर्ग बघायला थांबतो. नवरा दर दहा पायऱ्यांवर बायकोला 'तुला थांबायचंय का?' असं विचारतो आणि तिच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच कठड्यावर टेकतो. व्यायामशाळेत जाणारे तरुण दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत घेतात, तेही मोबाइलवर चित्रण चालू असेपर्यंतच. चित्रण थांबलं की तेही निसर्गप्रेमी. मागच्या पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळत होता की शेजारच्याला हाक ऐकू जात नव्हती. आत एक गृहस्थ समर्थांच्या मूर्तीपुढे डोळे मिटून, हात जोडून उभे होते. एवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यांनी एक डोळा उघडला, घड्याळाकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून मला वाटलं, झाला साक्षात्कार. बाहेर आल्यावर ते बायकोला ओरडून सांगत होते, "आजची पावलं इथेच पूर्ण झाली!"

ज्यांच्यापुढे हे घडलं त्यांना पावलांचा हिशेब नवा नव्हता. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ही घळ पुन्हा उजेडात आणली. समर्थ रामदासांनी शके 1576 मध्ये, म्हणजे 1654 साली, इथेच दासबोध सांगायला घेतला अशी परंपरा आहे. आत मूर्ती आहेत त्या याच प्रसंगाच्या. समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांवर ओव्या. कल्याणांचं बोट दुखलं असेल असं आपल्याला वाटतं. पण हा लेखनिक निराळ्या मातीचा होता. सज्जनगडावर पिण्याचं पाणी ते खालच्या उरमोडी नदीतून दोन प्रचंड हंडे भरून आणत, असं सांगतात. ते हंडे गडावर दाखवतातही. रिकामा हंडा पाहूनच कंबर धरते. लेखनिकाच्या जागेसाठी आज जाहिरात काढली तर 'मराठी टंकलेखन तीस शब्द' एवढी अट पुरते. तिथे पुढे 'दोन हंडे, गड चढून' असंही होतं.

गुरूंचं तर विचारूच नका. नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं राहून रामदासांनी पुरश्चरण केलं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप केला आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असं परंपरा सांगते. मिनिटाला पाच या वेगाने घातले तरी चार तास लागतात. हा आकडा ऐकून बहुतेक लोक समर्थांना जास्तच भक्तिभावाने हात जोडतात आणि तेवढाच व्यायाम करून घरी जातात. पुढे समर्थांनी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, शिराळे, पारगाव अशा ठिकाणी अकरा मारुती बसवले. ते सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत असे पसरलेत की त्या काळी सगळ्यांचं दर्शन घ्यायचं म्हणजे आपोआप शंभर कोसांची रपेट. आता ही 'अकरा मारुती यात्रा' वातानुकूलित बसने दोन दिवसांत होते, नाश्ता-जेवणासह. अकराव्या मारुतीपाशी उतरताना प्रवाशांचं वजन निघतानाच्या वजनापेक्षा जास्त असतं. बलोपासनेतलं बल असं वाढतं.

मला यात एकच गोष्ट लक्षात येते. आपल्या धर्मात जवळजवळ सगळं दुसऱ्याकडून करवून घेता येतं. अभिषेक गुरुजी करतात, आपण पावती घेतो. पारायणाला माणूस बसवता येतो. उपास सुनेने केला तरी गुण मुलाला येतो. घाम मात्र ज्याचा त्यालाच गाळावा लागतो. म्हणून देवाने भक्ताची खरी परीक्षा पायऱ्यांवर ठेवली असावी, असं म्हणणार होतो. पण आपल्या पूर्वजांनी इथेही वाट काढलीच होती. यजमान आजारी पडला की ब्राह्मणांना दक्षिणा देऊन त्यांच्याकरवी सूर्यनमस्कार घालवून घेण्याची चाल आपल्याकडे होती. यजमान अंथरुणात, ब्राह्मण अंगणात. दक्षिणा घेणाऱ्याचे दंड दिवसेंदिवस पिळदार होत जायचे आणि देणारा ते खिडकीतून पाहत काढा घ्यायचा. ही व्यवस्था मोडून काढण्याचं श्रेय औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींना द्यायला हवं. हे राजे चित्रं काढत, कीर्तन करत आणि रोज नमस्कार घालत. शिवाय संस्थानातल्या शाळकरी पोरांनाही घालायला लावत. नमस्कारांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि 1938 साली त्यांची पद्धत इंग्रजी पुस्तकातून लंडनपर्यंत पोचली. राजाच स्वतः जमिनीवर लोटांगण घालतो म्हटल्यावर प्रजेला दक्षिणा देऊन सुटायची सोय उरली नाही.

या वेळी शिवथरला माझ्याबरोबर वसईचे एक स्नेही होते. ख्रिस्ती, रोज मिस्साला जाणारे, आणि डॉक्टरांनी 'चाला' असं सांगितल्यापासून रोज चालणारे. डॉक्टरांचं आणि फादरांचं असं दोघांचं एकदम ऐकायची त्यांनी युक्ती काढली आहे. ते चालताना रोझरी करतात. पाच दशकांची जपमाळ, पन्नासेक 'नमो मरिया'. त्यामुळे घरी कुणी 'किती चाललात?' असं विचारलं की ते किलोमीटर सांगत नाहीत, "आज एक रोझरी आणि वर दोन दशकं" असं सांगतात. उपवासकाळात क्रुसाची वाट असते. चौदा स्थानं, प्रत्येक स्थानापाशी गुडघा टेकायचा आणि उठायचं. "चौदा बैठका होतात, त्याही पश्चात्तापासकट," असं ते म्हणतात. उठताना प्रभूची जितकी आठवण येते तितकी टेकताना येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

दुसऱ्याकडून करवून घेण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे लोक आपल्याला हार जात नाहीत. वांद्र्याच्या मोत मावलीला सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे अवयव वाहतात. पाय दुखत असला तर मेणाचा पाय, हात दुखत असला तर मेणाचा हात. टेकडीवर चढून जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात, कारण गुडघेदुखीला धर्म नसतो. मी त्यांना म्हटलं, "पण मेणाचा पाय वाहण्यापेक्षा खरा पाय थोडा हलवला तर?" ते म्हणाले, "अरे, टेकडी चढावी लागतेच ना. मावली हुशार आहे. मेण घेते तुझं, पण चालवून घेते."

पहाटे भक्तनिवासाच्या अंगणात पुण्याहून आलेला एक ज्येष्ठ मंडळींचा गट सूर्यनमस्कार घालत होता. पांढरे बनियन, डोक्याला मफलर, आणि पुढे शिट्टीवाले काका. मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत बारा नावं, प्रत्येक नावाला एक नमस्कार. आषाढाचा दिवस असल्यामुळे ज्यांचं नाव घेत होते ते गृहस्थ ढगाआड होते, पण त्याने उत्साहात फरक पडला नव्हता. आमचे स्नेही जरा वेळ बघत राहिले, मग चप्पल काढून शेवटच्या ओळीत उभे राहिले. त्यांचे नमस्कार उत्तम होत होते, फक्त ओठ वेगळे हलत होते. सहाव्या नमस्काराला शिट्टीवाल्या काकांनी ते हेरलं.

"तुम्ही काय म्हणताय?"

"बारा प्रेषितांची नावं घेतोय. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान…"

काका क्षणभर अर्ध्या भुजंगासनात थांबले. मला वाटलं आता वादावर येणार. पण काका निवृत्त हिशेबनीस निघाले, त्यांना आकडा जुळतो की नाही एवढीच काळजी होती. "बारा भरतात?" त्यांनी विचारलं.

"भरतात. पण याकोब दोन आहेत, तिथे घोळ होतो. आणि बाराव्याला यहूदा इस्कर्योत येतो. त्याने प्रभूला पकडून दिलं. त्याच्या नावाने नमस्कार कसा घालायचा?"

"मग अकराच घालता?"

"नाही. त्याच्या जागी पुढे मत्थियाला निवडलं होतं. तो बदली खेळाडू चालतो."

"चालतो," काका म्हणाले आणि शिट्टी वाजवली. दोन धर्मांमधला इतका झटपट समझोता मी पाहिलेला नाही. नंतर पोह्यांच्या रांगेत ते दोघं एकमेकांना गुडघ्याला लावायच्या तेलांची नावं सांगत होते.

स्नेह्यांचा धर्म व्यायामाच्या बाबतीत सुरुवातीला तसा थंडच होता. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात शरीराच्या कसरतीचा फायदा थोडा, भक्तीचा सगळीकडे, असं साफ म्हटलं आहे. आळशी ख्रिस्ती माणसाला हे वचन तोंडपाठ असतं. पण त्याच पौलाला करिंथच्या लोकांना समजावताना शर्यतीत धावणारे आणि मुष्टियोद्धे आठवतात, आणि शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असंही तो त्यांना सांगतो. म्हणजे ज्याला बसायचं त्याला एक पत्र आणि ज्याला धावायचं त्याला दुसरं. धर्मग्रंथ टिकतात ते उगाच नाही.

एकोणिसाव्या शतकात धावणाऱ्यांचा पक्ष वर आला. इंग्लंडात देवभक्त माणूस दणकटही असला पाहिजे, असं मानणाऱ्यांची एक फळीच उभी राहिली. जॉर्ज विल्यम्स या लंडनच्या कापडदुकानातल्या तरुणाने 1844 साली वायएमसीए काढली. 1875 साली ती मुंबईतही आली. सुरुवातीला प्रार्थना आणि बायबलवाचन, मग पोरं येईनात म्हणून व्यायामशाळा. 1891 साली अमेरिकेतल्या वायएमसीएच्या ल्यूथर गुलिकने संस्थेला त्रिकोण दिला. त्याच्या तीन बाजू म्हणजे आत्मा, मन आणि शरीर. त्याच वर्षी त्याने स्प्रिंगफील्डच्या जेम्स नाइस्मिथला एक वैतागलेला वर्ग सोपवला. हिवाळ्यात मैदान बंद, आतल्या कवायतीला पोरं कंटाळलेली. चौदा दिवसांत काहीतरी खेळ काढ, असं फर्मान.

हा नाइस्मिथ मुळात धर्मशास्त्र शिकलेला, पाळक व्हायचा माणूस. तो मैदानात कसा आला याची त्याने स्वतः सांगितलेली हकिकत मजेची आहे. फुटबॉल खेळताना जवळच्या खेळाडूच्या तोंडून शिवी गेली आणि त्याने वळून नाइस्मिथची माफी मागितली. व्यासपीठावरून जे होत नाही ते मैदानात नुसतं उभं राहून होतं, हे त्याला तिथे उमगलं. आमच्याकडे कबड्डीच्या सामन्यात भजनीबुवा उभे राहिले तर शिव्या बंद होत नाहीत, फक्त त्यांना चाल लागते. असो. नाइस्मिथने सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. बास्केटबॉल जन्माला आला. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे चेंडू आत पडला की तो काढायला वर चढावं लागे. पहिल्या सामन्यात एकदाच गोल झाला हे बरं झालं. पुढे कुणीतरी बूड काढून टाकलं आणि तिथून खेळ वेगवान झाला. देव मात्र त्याच भोकातून हळूहळू खाली निसटला असावा, कारण आज बास्केटबॉल बघताना तो फक्त फ्री थ्रोच्या वेळी आठवतो.

ज्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना बास्केटबॉलची दगदग सोसत नव्हती त्यांच्यासाठी वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनने 1895 साली व्हॉलीबॉल काढला. हे मला फार आवडतं. आपल्या खेड्यांत देवळासमोरच्या पटांगणात दोन बांबूंना जाळी बांधून पोरं संध्याकाळी जो खेळ खेळतात, तो पोट सुटलेल्या अमेरिकन दुकानदारांना देवाच्या वाटेवर ठेवण्यासाठी निघाला होता. चेंडू उडून देवळाच्या कौलांवर गेला की एक पोरगं चप्पल काढून वर चढतं. मॉर्गनचा हेतू तेवढ्यापुरता सफळ होतो.

अमेरिकेत हे प्रकरण पुढे आणखी वाढलं. चार्ली शेड नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकाने स्वतःचं शंभर पौंड वजन उतरवलं आणि 1957 साली 'प्रे युअर वेट अवे' हे पुस्तक लिहिलं. प्रार्थना करा, वजन उतरवा. शरीरावरची जादा चरबी म्हणजे देवापासून तेवढं अंतर, असा एकूण सूर. आपल्याकडे हे पुस्तक चालणं अवघड होतं. आपल्याकडे प्रार्थनेच्या शेवटी प्रसाद असतो. साजूक तुपातला शिरा हातावर घेऊन 'देवा, वजन उतरव' म्हणायला निराळंच धैर्य लागतं. सत्यनारायण आटोपून सव्वा किलोने हलका झालेला यजमान माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे सगळं मी स्नेह्यांना पायऱ्यांखालच्या टपरीवर कोकम सरबत पिता पिता ऐकवत होतो. टपरीवाले मामा जवळच्याच वाडीतले, सत्तरीच्या आसपासचे. ते मन लावून ऐकत होते. त्यांच्या पोटऱ्या बघाव्यात. असल्या पोटऱ्यांसाठी पुण्यात लोक महिन्याला हजारो रुपये भरतात.

"म्हणजे मानसं मुद्दाम दमतात?" त्यांनी विचारलं.

"देवासाठी," मी म्हटलं.

"आनि पैसं कोन देतं?"

"आम्हीच देतो."

मामा बराच वेळ गप्प राहिले. समोर खाचरात लावणी चालली होती. गुडघाभर चिखल, पाठीवर इरली, आणि दहा-बारा बायका कमरेत वाकून ओळीने रोपं खोचत मागे मागे सरकत होत्या. शिट्टीवाले काका जिला नमस्कारातली तिसरी अवस्था म्हणतात आणि जी दोन श्वासांपेक्षा जास्त धरता येत नाही, त्या अवस्थेत या बायका सकाळपासून होत्या. वर गाणीही म्हणत होत्या. सूर्याचं नाव कुणी घेत नव्हतं. तो ढगाआड आहे तोच बरा, असं त्यांचं मत दिसलं.

"दमायचंच हाय तर लावनीला या," मामा म्हणाले. "जेवन देऊ." मग त्यांना वाटलं असावं की पाहुण्यांना असं बोलू नये, म्हणून ते शिमग्यावर आले. आमच्याकडे देव असा बसून राहत नाही, म्हणाले. शिमग्याला पालखी निघते, घरोघर जाते. आणि पालखी उचलली की नाचवायचीच. ढोल वाजायला लागला की खांदेकऱ्याचं काही चालत नाही, देव नेईल तिकडे जायचं. बांधावरून, ओढ्यातून, रात्रीबेरात्री. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या काठ्या येतात, त्या उंचच्या उंच काठ्या तोलून नाचवणारे तरणे बघा एकदा, म्हणाले. मुंबईहून चाकरमानी येतात, एरवी लिफ्टशिवाय पाऊल टाकत नाहीत, पण पालखीखाली शिरले की तासभर बाहेर निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी खांद्याला हळद लावून बसतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

इथे आमच्या स्नेह्यांच्या डोळ्यांत चमक आली. बायकोने, डॉक्टरांनी आणि फादरांनी मिळून जे साधलं नव्हतं ते मामांनी दोन मिनिटांत साधलं होतं. त्यांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला, रोझरी खिशात सरकवली आणि जरा संकोचून विचारलं, "मामा, मी ख्रिस्ती आहे. मला खांदा देता येईल का?"

मामांनी त्यांच्याकडे खालून वर नीट पाहिलं. मानकऱ्यांचा मान आधी, म्हणाले, मग रांगेत कुणीही. एवढं बोलून ते पुन्हा विचारात पडले. काहीतरी अडचण होती. धर्माचं काही निघणार म्हणून मी सावरून बसलो.

"उंची किती तुमची?" मामांनी विचारलं.

"पाच फूट अकरा."

"मग म्होरं नको," मामा म्हणाले. "आमची पोरं बुटकी हायत. देव मागं कलंल."